दाढ दुखतेय: सरकारीत जायचं, खासगीत, की तिसरीकडे?

पुण्यात दातांच्या दवाखान्यांची वाण नाही. कोथरूड घ्या नाहीतर हडपसर, मोठ्या रस्त्यावर उभं राहिलं की दोन-तीन पाट्या तरी दिसतातच. तरीही घरात कुणाची दाढ ठणकायला लागली की तोच जुना वाद सुरू होतो. काका म्हणतात, "ससूनला जा, केसपेपरच्या पैशात काम होतं." आत्या म्हणते, "सरकारीत नको बाई, तिथं सरळ दाढ उपटून हातात देतात." एखादा चुलतभाऊ सांगतो की त्याने खासगीत एका दाढेवर पंधरा हजार घालवले. या वादात आठवडा जातो. दुखणारा माणूस मेडिकलमधून गोळी आणून झोपतो आणि आतली कीड आपलं काम करत राहते.

काका आणि आत्या दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, कारण दोघं वेगवेगळ्या कामांबद्दल बोलतायत. सरकारी चांगलं की खासगी, याचं एकच उत्तर सगळ्या दातांना लागू होत नाही. आपल्या दाताला नेमकं कुठलं काम लागणार आहे, त्याला किती सिटिंग लागतील आणि ते शेवटपर्यंत कुठे पूर्ण होईल, हे आधी कळायला हवं. दातांच्या उपचारात अर्धवट सोडलेल्या कामाइतकं नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही.

आत काय चाललेलं असतं?

दाताचं वरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल. शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ हाच, हाडापेक्षाही कठीण. त्यात नस नसते, म्हणून त्याला इजा झालेली कळत नाही. त्यात जिवंत पेशी नसतात, म्हणून एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही. त्याच्या खाली डेंटिन नावाचा थोडा मऊ थर असतो आणि अगदी मध्ये पल्प, म्हणजे नसा आणि बारीक रक्तवाहिन्यांचा गाभा. आपण ज्याला दाताची 'नस' म्हणतो ती हीच.

तोंडातले जिवाणू साखरेवर आणि पिठूळ पदार्थांवर जगतात आणि आम्ल सोडतात. हे आम्ल इनॅमलमधली खनिजं विरघळवतं. लाळ ते सौम्य करून दाताची थोडीफार डागडुजी करते, पण त्यासाठी तिला वेळ मिळावा लागतो. दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा आणि सोबत बिस्किट असेल, तर तो वेळच मिळत नाही. म्हणून साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती कितीदा खाल्ली, हे दाताच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं.

इनॅमल ओलांडून कीड डेंटिनमध्ये शिरली की आडवी पसरते. वाळवी लागलेल्या जुन्या वाड्याच्या चौकटीसारखं होतं: वरून रंग शाबूत, बोटाने दाबलं की आत भुसा. आरशात टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो आणि एक्स-रेमध्ये त्याखाली मोठी पोकळी निघते.

पुढचं सगळं या किडीने कुठवर मजल मारली आहे त्यावर ठरतं. गार पाण्याने क्षणभर शिणक येते आणि लगेच थांबते, तोपर्यंत नस सहसा वाचलेली असते. किडलेला भाग कोरून सिमेंट भरलं की काम झालं, तेही एकाच सिटिंगमध्ये. गरम चहाने कळ येऊन बराच वेळ राहते किंवा रात्री आडवं झालं की दाढ ठणकते, तेव्हा नसेला कायमची सूज आलेली असण्याची शक्यता मोठी. मग भरणं पुरत नाही.

यानंतरच्या टप्प्यावर माणसं हमखास फसतात. चार-पाच दिवस जीव नकोसा करणारी दाढ एकदम शांत होते. "बरी झाली," असं म्हणून विषय संपतो. खरं म्हणजे नस मेलेली असते, म्हणून कळ थांबते. जिवाणू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, तिथे पू साठतो आणि काही महिन्यांनी गाल सुजून माणूस दवाखान्यात येतो. या वेळी मेडिकलवाल्याकडून घेतलेल्या अँटिबायोटिकचा मुळावर उपाय म्हणून उपयोग नाही. औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या नसेत रक्तच पोचत नाही. सूज काही दिवस ओसरते, संसर्गाचं घर तिथेच राहतं.

काढायची की वाचवायची?

नस गेली की दोनच वाटा उरतात. दाढ काढणं हे बहुतेक वेळा एका दिवसाचं काम. भूल देणारी सुई, पंधरा-वीस मिनिटं, कापूस चावून धरायचा, घरी जायचं.

रूट कॅनालचं तसं नाही. दाढेला वरून भोक पाडून आतला खराब गाभा काढतात. मुळांतल्या नळ्या बारीक फाइलने, म्हणजे सुईसारख्या कानशीने घासतात, औषधी द्रावणाने धुतात, लांबी मोजतात आणि गट्टा-पर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरून बंद करतात. खालच्या पहिल्या दाढेत अशा तीन नळ्या तर सहसा असतातच. वरच्या पहिल्या दाढेत बऱ्याचदा चौथी निघते, आणि ती केसासारखी बारीक असल्याने सापडायला वेळ लागतो. कधी हे एकाच सिटिंगमध्ये होतं, कधी दोन-तीन लागतात. शेवटी कॅप, म्हणजे दाढेवर बसवायचं टोपण. आधीच पोखरलेली आणि मधून कोरलेली दाढ चावताना उभी चिरू शकते. चीर मुळापर्यंत गेली की रूट कॅनाल कितीही चांगलं झालेलं असो, दाढ काढावीच लागते. म्हणून मागच्या दाढांना कॅप ही चैन नसून उपचाराचाच भाग आहे. दुखणं थांबलं म्हणून कॅपला न फिरकणारी माणसं आपले आधीचे पैसे पाण्यात घालत असतात.

"दुखतेय तर काढून टाका, एक दाढ गेली म्हणून काय होतंय?" असंही पुष्कळ लोक म्हणतात. शेजारचे दात हळूहळू मोकळ्या जागेत कलतात, समोरचा दात त्या बाजूला उतरू लागतो, तिथलं हाड झिजतं. त्या बाजूने चावणं बंद होतं आणि भार दुसऱ्या बाजूवर येतो. अक्कलदाढेची गोष्ट निराळी, ती गेली तर सहसा बिघडत नाही. वरची दाढ काढली की नजर कमी होते, ही भीती मात्र पार काढून टाका. दाताच्या नसेचा आणि दिसण्याच्या नसेचा तसा काही संबंध नाही.

सरकारीत काय मिळतं?

पुणेकरांसाठी मोठी ठिकाणं म्हणजे स्टेशनजवळचं ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, महापालिकेचं मंगळवार पेठेतलं कमला नेहरू आणि पिंपरी-चिंचवडकरांसाठी संत तुकाराम नगरमधलं यशवंतराव चव्हाण रुग्णालय, म्हणजे आपलं वायसीएम. सकाळी लवकर जायचं, खिडकीवर केसपेपर काढायचा आणि दंत विभागाच्या ओपीडीत नंबर लावायचा, हा सगळीकडचा रिवाज.

खर्चातला एक फरक फार थोड्यांना माहीत असतो. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत झाले. औंधचं रुग्णालय यात येतं. ससून मात्र बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाचं. तिथे सरकारी दराने पैसे लागतात. ते खासगीच्या मानाने किरकोळच असतात, पण "सरकारी म्हणजे फुकट" असं धरून गेलेला माणूस खिडकीशी वाद घालत बसतो. महापालिकेच्या रुग्णालयांचे दर महापालिका ठरवते. पगार महिना २१ हजारांपर्यंत असलेल्या कामगाराचं ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा कापला जात असेल, तर त्याने बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयात आधी चौकशी करावी. दर महिन्याला कापल्या जाणाऱ्या त्या पैशांत दातांच्या उपचारांचाही हक्क असतो, हे पुष्कळ कामगारांना कुणी सांगितलेलंच नसतं.

तिथे दाढ उपटूनच देतात, हे खरं आहे का?

काढण्याचं प्रमाण जास्त असतं, हे खरं. कारण डॉक्टरच्या निष्काळजीपणात शोधायला गेलात तर चुकाल. सकाळच्या ओपीडीत बाहेर बाकावर तीस-चाळीस माणसं बसलेली असतात आणि आत खुर्च्या मोजक्या. एका दाढेच्या रूट कॅनालला लागणाऱ्या तासाभरात तीन माणसांच्या दाढा काढून त्यांची वेदना थांबवता येते. रोज लागणाऱ्या फाइल आणि भरायचं साहित्य यांचा पुरवठा खंडित होतो. कॅप बनवायला लॅब लागते, ती बहुतेक सरकारी रुग्णालयांत नसते. त्यातून समोरचा रुग्ण मुळशीहून किंवा दौंडहून एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो आणि स्वतःच सांगतो, "डॉक्टरसाहेब, परत यायला जमणार नाही, काढूनच टाका."

ही अवस्था बदलायलाच हवी. हृदयासाठी, गुडघ्यासाठी सरकारी योजना आहेत आणि दाढ वाचवण्यासाठी गरिबाला जागा नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण ती बदलेपर्यंत आपली दाढ थांबणार नाही. म्हणून काही कामांसाठी सरकारी रुग्णालय उत्तम, हे ओळखून तिथे जावं: तपासणी, एक्स-रे, दाढ काढणं, दात साफ करणं, छोटी भरणी, तोंडातल्या चट्ट्याची तपासणी, अपघातात मोडलेला जबडा.

एका बाबतीत तर मोठं सरकारी रुग्णालय गल्लीतल्या क्लिनिकपेक्षा वरचढच ठरतं. हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू, डायलिसिसवर, साखर चारशेला टेकलेली अशा माणसाची दाढ काढायची असेल, तर हृदयविकाराचे डॉक्टर आणि फिजिशियन त्याच आवारात असणं लाखमोलाचं. खासगीत जायचं तर मोठं, सर्व विभाग असलेलं रुग्णालय गाठा. रक्त पातळ होण्याची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस नाही.

तिसरी वाट: दंत महाविद्यालय

वाद सरकारी-खासगीचा चालतो आणि या दोन्हींच्या मधली जागा कुणाच्या लक्षात येत नाही. पुण्यात ती मोठी आहे. राज्याची सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी. पुण्यात आहेत ती खासगी संस्थांची. धनकवडीचं भारती विद्यापीठ, पिंपरीचं डी. वाय. पाटील, वडगाव बुद्रुकचं सिंहगड, कॅम्पातल्या आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला. प्रत्येकाला स्वतःचं रुग्णालय चालवावं लागतं, कारण रुग्णांशिवाय विद्यार्थी शिकणार कशावर? त्यामुळे दर क्लिनिकपेक्षा पुष्कळ कमी असतात आणि दातांच्या सगळ्या शाखा एका इमारतीत मिळतात: रूट कॅनालवाले वेगळे, हिरड्यांचे वेगळे, तारा लावणारे वेगळे, लहान मुलांचे वेगळे.

तिथलं काम कसं चालतं ते मी वडिलांच्या कवळीच्या वेळी जवळून पाहिलं. बाबांना वरची-खालची पूर्ण कवळी हवी होती. पहिल्या दिवशी तोंडाचं माप घेतलं, पुढच्या वेळी जास्त बारकाईने दुसरं माप. मग वरचा आणि खालचा जबडा एकमेकांशी कसा बसतो याची मोजणी. त्यानंतर गुलाबी मेणात बसवलेले दात घालून बघायचा दिवस. काम करणाऱ्या शिकाऊ मुलीने बाबांना 'स'चे शब्द म्हणायला लावले. "आजोबा, सहासष्ट म्हणा. परत एकदा, सहासष्ट." शिट्टीसारखा आवाज येत होता. तिने मेण तापवून पुढचे दोन दात किंचित हलवले, पुन्हा म्हणायला लावलं, मग धावत जाऊन सरांना घेऊन आली. सरांनी बाबांच्या ओठाखाली बोट लावून पाहिलं, एका बाजूचं काम परत करायला सांगितलं आणि मगच तिच्या कागदावर सही केली. प्रत्येक टप्प्यावर अशी सही. ती मिळाल्याशिवाय पुढचं काम नाही. बाबा बाहेर आल्यावर म्हणाले, "वेळ फार घेते, पण पोरगी मन लावून करते."

वेळ फार जातो, हेच या वाटेचं मोल. जे काम क्लिनिकमध्ये अर्ध्या तासात उरकतं त्याला इथे अख्खी दुपार लागू शकते. कॉलेजच्या परीक्षा आणि सुट्ट्या आल्या की तारखा पुढे जातात. इंटर्नशिप संपून विद्यार्थी बदलला तर नव्या माणसाला सगळं पुन्हा सांगावं लागतं. निवृत्त माणूस, गृहिणी, विद्यार्थी यांना हे जमतं. रोजंदारीवर असणाऱ्याने, रिक्षा चालवणाऱ्याने आधीच विचारून घ्यावं की किती खेपा होतील आणि शनिवारी बोलावता येईल का.

शिकाऊ मुलांच्या हाती दात कशाला द्यायचा?

शंका रास्त आहे, पण तिथे कोण काय करतं ते समजून घ्या. बीडीएस म्हणजे चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. एमडीएस म्हणजे त्यावर एकाच शाखेचा आणखी तीन वर्षांचा अभ्यास. दात साफ करणं, भरणं, साधी दाढ काढणं, कवळी अशी कामं बीडीएसचे विद्यार्थी शिक्षकांच्या नजरेखाली करतात. दाढांची अवघड रूट कॅनाल एमडीएस करणाऱ्यांकडे जातात. हे सगळे आधीच पदवीधर डॉक्टर असतात आणि बाहेर क्लिनिक टाकण्याचा हक्क त्यांना मिळालेला असतो. म्हणजे "माझी दाढ शिकाऊ करेल" या भीतीतला माणूस बाहेरच्या एखाद्या क्लिनिकमध्ये तेवढ्याच किंवा त्याहून कमी अनुभवाच्या डॉक्टरकडे निर्धास्त बसत असतो.

तरी विचारायला लाजू नका. "काम कोण करणार, बीडीएसचे की एमडीएसचे? सर कोण आहेत?" हा प्रश्न तिथे रोज विचारला जातो आणि कुणी रागावत नाही.

खासगीत पैसे कशाचे जातात?

पुण्यात दाढेचं रूट कॅनाल आणि कॅप मिळून दहा हजारांच्या आसपास सहज जातात, इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी हाडात बसवायचा कृत्रिम दात, तर वीस-तीस हजारांच्या पुढेच. दोन क्लिनिकमधल्या आकड्यांत दुपटीचा फरक पडला की लोक एकाला प्रामाणिक आणि दुसऱ्याला लुटारू ठरवून मोकळे होतात. आकडा कशाकशाचा बनतो ते पाहिलं पाहिजे.

जागेचं भाडं बाणेर आणि धायरीत सारखं नसतं. रूट कॅनाल क्लिनिकचे डॉक्टर स्वतः करणार की त्यासाठी बाहेरून एमडीएस बोलावणार, यावर फी बदलते. सर्वांत मोठा फरक कॅपमध्ये पडतो. नुसती धातूची कॅप स्वस्त आणि मजबूत, पण दिसायला चंदेरी. धातूवर सिरॅमिक चढवलेली मधली. झिरकोनियाची दातासारखी दिसते आणि महाग असते. अगदी मागच्या दाढेला, जी हसताना कुणाला दिसत नाही, धातूची किंवा सिरॅमिक-धातूची कॅप उत्तम चालते. "याहून स्वस्त कॅप या दाढेला चालेल का?" असं सरळ विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही.

त्या पैशांत खासगीत मिळते ती वेळेची खात्री आणि एकच माणूस. संध्याकाळी सातची वेळ मिळते, सुट्टी टाकावी लागत नाही आणि पहिल्या दिवसापासून कॅप बसेपर्यंत तुमची दाढ एकाच डॉक्टरला ठाऊक असते. पाच सिटिंगच्या कामात याला खरोखर किंमत आहे. नोकरदार माणसाने चार रजांचा पगार मोजला तर खासगी क्लिनिक कधी कधी स्वस्तही पडतं.

गरज नसताना रूट कॅनाल सांगतात, त्याचं काय?

असं होतंच नाही, असं मी म्हणणार नाही. पण यावर उपाय तुमच्या हातात आहे. एक्स-रे बघायला मागा आणि कीड नसेच्या किती जवळ गेली आहे ते डॉक्टरांना बोटाने दाखवायला सांगा. इनॅमल पांढरं दिसतं, कीड काळसर आणि मधली नस गडद रेघेसारखी. पाच मिनिटं समजावलं तर सामान्य माणसालाही दिसतं. गार लावून किंवा ठोकून तपासलं का, तेही लक्षात ठेवा. नुसतं तोंडात बघून चार रूट कॅनाल सांगणाऱ्याकडे त्याच दिवशी ॲडव्हान्स भरू नका. दुसरं मत घ्यायला सरकारी ओपीडी आणि दंत महाविद्यालय या दोन्ही फार चांगल्या जागा आहेत, कारण तिथे बसलेल्या डॉक्टरचं पोट तुमच्या रूट कॅनालवर अवलंबून नसतं. एक्स-रे सोबत न्या.

उलटी बाजूही सांगते. न दुखणाऱ्या दातात खोल कीड निघू शकते, आणि दुखत नव्हतं म्हणून डॉक्टर खोटं बोलतोय असं होत नाही. दात साफ केल्यावर ते हलतात, ही तक्रारही अशीच. दाताभोवती जमलेला दगडासारखा थर हिरडी आणि हाड खात असतो आणि त्याच्याच आधाराने दात घट्ट वाटत असतो. तो काढला की आधीच झालेलं नुकसान उघडं पडतं. मधुमेह असणाऱ्यांनी हे टाळूच नये, कारण वाढलेली साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या साखर ताळ्यावर येऊ देत नाहीत.

स्वच्छतेची खात्री कशी करायची?

सरकारी म्हटलं की घाण आणि एसी-काचेचं क्लिनिक म्हटलं की स्वच्छ, असा सरधोपट हिशेब नको. फरशी चकाचक असूनही हत्यारं नीट निर्जंतुक केलेली नसतील तर रक्तातून पसरणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी आणि सी, होण्याचा धोका राहतो. नुसतं डेटॉलच्या पाण्यात बुडवून किंवा उकळून भागत नाही. ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे १२१ अंशांवर दाबाखालच्या वाफेत हत्यारं ठेवणारं यंत्र. त्यातून निघालेली हत्यारं कागदी-प्लास्टिकच्या बंद पाकिटात असतात आणि पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला असतो. ते पाकीट तुमच्यासमोर फोडलं का, ग्लोव्हज नवे घातले का, सुई नवी आहे का, एवढंच बघा. जिथे हे होतं तिथे बसा.

विमा आहे, मग काळजी कशाला?

मेडिक्लेममध्ये सहसा दातांचे नेहमीचे उपचार धरलेले नसतात. अपघातात दात किंवा जबडा मोडून भरती व्हावं लागलं तरच पैसे मिळतात. काही पॉलिसींत ओपीडीचा वेगळा भाग असतो, त्यात थोडीफार सोय निघते, कागद वाचून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, पण तेही तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया किंवा मोडलेला जबडा अशा, भरती करून करायच्या उपचारांसाठी. रूट कॅनाल, कॅप, कवळी आपल्याच खिशातून. म्हणूनच कुठे जायचं याचा निर्णय दातांच्या बाबतीत इतका जड होतो.

काम सुरू करण्याआधी सगळ्या टप्प्यांचा मिळून खर्च लिहून घ्या: एक्स-रे, रूट कॅनाल, कॅपच्या आधी दाढेचा वरचा भाग भरून बांधणं, कॅप. रूट कॅनालपुरते पैसे आहेत आणि कॅपचे नाहीत, तर खासगीत अर्धं करून थांबण्यापेक्षा दंत महाविद्यालयात पूर्ण करा. तेही परवडत नसेल, तर निदान पू साठू देऊ नका, सरकारीत जाऊन दाढ काढून घ्या. संसर्ग तोंडात ठेवून दिवस काढण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

जिथे वाट बघायचीच नाही

गालाची सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरतेय, तोंड उघडत नाही, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होतोय, सोबत ताप आहे: हे दिसलं तर क्लिनिकची वेळ घेत बसू नका. रात्र असली तरी ससून, वायसीएम किंवा जवळच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाचं तातडीचं खातं गाठा. दाढेचा संसर्ग गळ्यात उतरून श्वास बंद होऊ शकतो, जीव जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट तंबाखूची. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तंबाखू-चुना आणि मावा सर्रास चालतो. घराघरांतल्या आज्या, मावश्या मिश्री लावतात आणि तिला तंबाखू मानतच नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ज्यांना ही सवय आहे त्यांच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा दिवसेंदिवस कमी उघडणारं तोंड दिसलं, तर लगेच तपासून घ्या. चट्टा दुखत नाही, म्हणून माणसं महिनोन्‌महिने थांबतात. इथे सरकारी रुग्णालय किंवा दंत महाविद्यालय हीच पहिली जागा. तपासणी, तुकडा काढून तपासणं आणि पुढचा रस्ता, सगळं तिथे कमी खर्चात होतं.

मुलांच्या दुधाच्या दातांवर कशाला खर्च करायचा?

"पडणारच आहेत" हे पुढच्या दातांना एकवेळ चालून जाईल. दुधाच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्या लवकर गेल्या तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही, मग तारा लावायचा खर्च येतो. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येऊन तपासणी करतं, त्यात किडलेले दातही बघतात. शाळेतून चिठ्ठी आली तर ती दप्तरात विसरू नका. ती दाखवून पुढचे उपचार सरकारी रुग्णालयात घेता येतात.

आणि मूल सहा वर्षांचं झालं की त्याचं तोंड उघडून सगळ्यात मागे बघा. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ आलेली दिसेल. ती येताना कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे आईबाप तिलाही दुधाचीच समजतात आणि किडली तरी दुर्लक्ष करतात. ती कायमची पहिली दाढ. ती किडू नये म्हणून तिच्या वरच्या खाचांत सीलंट नावाचा पातळ थर भरून घेता येतो. त्याला सुई लागत नाही, कोरणं नाही, एकाच सिटिंगचं काम. दंत महाविद्यालयांच्या बालदंत विभागात ते नेहमी होतं, खासगीतही होतं. सरकारी ओपीडीत साहित्य आहे का ते केसपेपर काढण्याआधी विचारून घ्या.